सव्वादोन किलोंचा चाप

माझी लेक जावईबापूंनी एका चहात पसंत केली. पोहेसुद्धा अर्धे टाकले होते, आणि जिना उतरून रिक्षा मिळेपर्यंत होकार कळवून मोकळे. पिस्तूल पसंत करायला मात्र त्यांना वर्ष पुरलं नाही. हे मी लेकीच्या देखतच म्हणते, म्हणजे मागून बोलल्यासारखं होत नाही. लेक म्हणते, "पिस्तूल परत घेत नाहीत, आई. मला परत करता येईल असं वाटलं असेल त्याला."

पिस्तूल म्हटल्यावर दचकू नका. आमचे जावई सॉफ्टवेअरमधले मॅनेजर आहेत आणि झुरळ दिसलं तर लेकीला हाक मारतात. ही गोष्ट सिंगापूरची, मी बुकित बातोकला त्यांच्याकडे कायमची राहायला आले त्यानंतरची. दोन हजार चौदा-पंधराचा सुमार असेल. त्यांच्या ऑफिसने एकदा सगळ्यांना विरंगुळा म्हणून शूटिंग रेंजवर नेलं. त्याआधी बोलिंगला नेलं होतं, त्याआधी स्वयंपाक शिकायला. ते दोन्ही सोडून यांना नेमकं हेच चढलं. मग क्लबची मेंबरशिप झाली, सुरक्षेचा कोर्स झाला, परीक्षा झाली, आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "आई, मी प्रॅक्टिकल शूटिंग करणार."

मी म्हटलं, "आमच्या वेळी प्रॅक्टिकलला बेडूक असायचा."

त्यांनी हातातला घास खाली ठेवून मला समजावलं. एका जागी उभं राहून नेम धरतात ते वेगळं. यात प्लायवूडच्या भिंती उभ्या करतात, त्यांना खिडक्या-दारं ठेवतात, आणि मागे पुठ्ठ्याची माणसं आणि लोखंडी तबकड्या लावतात. बझर वाजला की धावत सुटायचं, एकेक निशाण टिपायचं, मधेच पिस्तुलातलं रिकामं मॅगझिन काढून भरलेलं बसवायचं, आणि हे सगळं होईल तितक्या लवकर. नेमाचे गुण भागिले लागलेला वेळ, असा निकाल.

"म्हणजे तुझी शाळा आणि बाबांचं ऑफिस असायचं तेव्हाची माझी सकाळ," मी लेकीकडे बघून म्हटलं. तिने मान डोलावली. जावई म्हणाले, "तसं नाही हो," आणि घास परत उचलला.

आता पिस्तूल कुठलं घ्यायचं हा प्रश्न. तो त्यांचा होता, पण घरात राहत असल्यामुळे माझाही झाला. पोलादी की प्लास्टिकचं? पोलादी जड असतं, म्हणून झटका कमी बसतो आणि नळी लगेच जागेवर येते. प्लास्टिकचं हलकं, साधं, बिघडायला फारसं काही नसतं. मग मुठीची जाडी. माझा शिवणाचा टेप घेऊन त्यांनी स्वतःचा तळहात मोजला, मग खात्रीसाठी माझा मोजला, मग लेकीचा मोजायला गेले तर तिने हात मागे ओढून घेतला. व्हिडिओ तर किती पाहिले असतील. टोपी घातलेले जाडे अमेरिकन आमच्या दिवाणखान्यात बसून आमच्याबरोबर वरण-भात जेवले म्हणा ना.

त्यांच्याबरोबर त्या कोर्सला आणखी एक मराठी माणूस होता. मुंबईचा, बँकेतला, हौगांगला राहणारा. मी त्याला बँकवाले म्हणते. त्याने कोर्स संपल्यावर त्याच आठवड्यात प्लास्टिकचं पिस्तूल घेऊन टाकलं. का, तर विकणारा म्हणाला हे बरं आहे.

"त्याने काही अभ्यासच केला नाही, आई," जावई म्हणाले.

"मग नेम लागत नाही का त्यांचा?"

"लागतो," ते म्हणाले, पण दात काढताना डेंटिस्टला उत्तर द्यावं तसं.

शेवटी एकदाचं पोलादी ठरलं. परवाना, क्लबची शिफारस, सगळं होऊन ते आलं. आलं म्हणजे क्लबात आलं. सिंगापुरात पिस्तूल घरी आणता येत नाही. ते क्लबच्या जाड दाराच्या खोलीत कुलपात राहतं. पिस्तुलासारखं दिसणारं खेळणंसुद्धा घरात नको, उगाच पोलिसांच्या चौकशा. म्हणजे आठवडाभर नुसतं बोलायचं आणि शनिवारी जाऊन दोन तास उडवायचं. इतका वेळ बोलून इतका कमी वेळ करायचा उद्योग मी दुसरा पाहिला नाही. नाही म्हणायला साहित्य संमेलन आहे.

घरी सराव कसा करायचा? पट्टा चालतो, कारण पट्ट्याला कोण काय म्हणणार. बर्म्युडावर तो चार बोटं रुंद पट्टा, पट्ट्याला मॅगझिनचे कप्पे, आणि कप्प्यांत मॅगझिनच्या जागी माझ्या चहाचे ग्लुकोज बिस्किटांचे पुडे. उजव्या हाताचं बोट हेच पिस्तूल. स्वतःच "बीप" म्हणायचं, सोफ्यामागून निघायचं, फ्रिजला दोन गोळ्या, देवघराला वळसा, आणि डाव्या हाताने बिस्किटांचा पुडा मुठीत खाडकन मारायचा. त्या महिन्यांत आम्ही बिस्किटं चमच्याने खाल्ली. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजींनी जाळीच्या दारातून हे पाहिलं असणार. लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "युअर सन-इन-लॉ लर्निंग डान्स आह?"

मी म्हटलं, "येस. व्हेरी डिफिकल्ट डान्स."

हसत होते मी, पण एक सांगायला हवं. या माणसाला जन्मात कुणी कुठल्या टीममध्ये घेतलं नव्हतं. त्यांच्या मातोश्रींनीच मला सांगितलंय. पुण्यात सोसायटीच्या पोरांच्या मॅचला यांना घेऊन जायचे ते सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवायला. आणि इथे क्लबची चौघांची टीम थायलंडला एका मोठ्या मॅचला जाणार होती. तिघं ठरलेले होते, चांगले जुने लोक. चौथी जागा रिकामी. क्लबने सांगितलं, आपल्या मॅचमध्ये नव्यांपैकी जो पुढे येईल त्याची ती जागा. नवे म्हणजे दोघंच, आमचे जावई आणि बँकवाले.

त्या दिवसापासून जावयांचं बोलणं कमी झालं. लेक म्हणाली, "आई, त्याला खरंच जायचंय गं." मला ते दिसतच होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस केळ्याची भाजी मुकाट्याने खायला लागला म्हणजे काहीतरी मनात धरलेलं असतं.

आता कुणीही म्हणेल, जा आणि सराव कर. बँकवाले तेच करत होते. अख्खं बेट ओलांडून शनिवारी यायचे, गोळ्या झाडायचे, क्लबच्या कँटीनमध्ये नूडल्स खायचे आणि घरी जायचे. आमचे जावई पिस्तूल सुधारत बसले. आधी पुढच्या माशीला, म्हणजे नेम धरतात त्या टोकाला, हिरवा चमकणारा ठिपका. मग मूठ घसरू नये म्हणून खरखरीत पट्ट्या. मग त्या पट्ट्या टोचतात म्हणून दुसऱ्या. एखादी बाई साडी आणते, मग फॉल, मग पिको, मग मॅचिंग, आणि लग्न उरकून वऱ्हाड परतलेलं असतं, तसं.

शेवटी गाडी आली चापावर. ते ट्रिगर म्हणतात, मी चाप म्हणते. या पोलादी पिस्तुलाची एक गंमत आहे. पहिली गोळी झाडताना चाप लांब आणि जड ओढावा लागतो, कारण बोटाच्या जोरावरच मागचा घोडा उचलायचा असतो. पुढच्या गोळ्यांना घोडा आपोआप मागे जातो, म्हणून चाप हलका होतो. म्हणजे अडचण एका पहिल्या गोळीची. ती जड ओढताना नळी हलते, नेम चुकतो. मग आत नरम स्प्रिंग घालायची, पोलाद घासून गुळगुळीत करायचं, की चाप हलका.

पण नियम असा, की ज्या गटात हे दोघं होते, म्हणजे दुकानातून आणलं तसंच पिस्तूल वापरायचा गट, त्यात पहिला चाप सव्वादोन किलो आणि वर चिमूटभर यापेक्षा हलका नको. वीस ग्रॅमची ती चिमूट, म्हणजे दोन किलो दोनशे सत्तर. पाच पौंड होतात म्हणे. मॅचच्या दिवशी ते तपासतात. कमी भरला की तुम्हाला उचलून ओपन गटात टाकतात. ओपन म्हणजे मोकाट. तिथे दुर्बिणीसारखी लाल ठिपक्याची भिंगं लावलेली, नळीला भोकं पाडलेली पिस्तुलं असतात. तिथे जाणं म्हणजे सायकल घेऊन हायवेवर उतरणं.

क्लबचा कारागीर काम करून द्यायचा. त्याने चाप अडीच किलोंवर आणून दिला आणि म्हणाला, आता राहू दे. पण अडीच म्हणजे वर किती वाया गेले? पुण्याच्या माणसाला वाया गेलेलं बघवत नाही. जावयांनी आणखी एकदा घासून घेतलं, आणि या वेळी वजन करून मागितलं नाही, कारण बँकवाले शेजारीच उभे होते आणि त्यांना कळायला नको होतं. बँकवाल्यांना माहीत असतं तरी त्यांनी काय केलं असतं कुणास ठाऊक. त्यांना अजून स्वतःचं पिस्तूल उघडता येत नव्हतं.

मॅचच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, जावई स्टूल घेऊन कपाटावरून बॅगा तोलायचा काटा काढायला लागले. तो हातात धरायचा, खाली हूक असलेला.

"कोण चाललंय पुण्याला?" मी विचारलं.

"कोणी नाही," म्हणाले, आणि काटा बॅगेत टाकला.

या काट्याबद्दल आमच्या घरात एक नियम आहे. पुण्याहून निघताना त्यावर बॅग तोलायची आणि जे दिसेल त्यात थोडं वाढवून धरायचं. कारण घरी बरोबर भरलेली बॅग विमानतळावर नेहमी दीडशे ग्रॅम जास्त निघते. काटा कमी दाखवतो, असं जावयांनी काही वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. म्हणून तेवीस किलोंच्या परवानगीला बावीस आठशे पन्नास दिसलं की झिप लावायची. विमानाचा प्रवास करणाऱ्या आपल्या लोकांत असे काट्यांचे हिशोब घरोघरी असतात, त्यात नवल नाही.

त्या संध्याकाळी ते रेंजवरून आले ते शीळ घालत. जेवताना लेकीला म्हणाले, "ट्रिगरचं वजन लागलं. बरोब्बर."

"किती?"

"काट्यावर दोन एकशेवीस. वर आपले दीडशे धर. दोन दोनशे सत्तर. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही."

लेक फोनमध्ये बघत "हं" म्हणाली. मला आकडे आवडतात म्हणून मी बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर होती.

मॅचला आम्ही सगळेच गेलो. मी थर्मास घेतला, तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. कानावर ती मोठी इअरमफ लावून मी काचेमागे बसले आणि बाकीच्यांसारखी गंभीर दिसायचा प्रयत्न केला. तपासणीचं टेबल आमच्या समोरच होतं. एक जाडसर चिनी गृहस्थ, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हसरा चेहरा. त्यांच्याकडे नेमकं दोन किलो दोनशे सत्तरचं एक वजन होतं, वरती हूक. रिकामं पिस्तूल नळी वर करून धरायचं, चापाला ते अडकवायचं आणि सावकाश उचलायचं. वजन उचललं गेलं आणि घोडा पडला नाही, तर पास. बँकवाल्यांचं प्लास्टिक वजनासकट वर गेलं. पाळण्यात बसल्यासारखं वजन हललं, बाकी काही नाही. पास.

आमचं पोलाद उचललं. टक्.

गृहस्थ म्हणाले, "ट्राय अगेन." पुन्हा टक्. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी हळू उचललं. वजन जेमतेम टेबल सोडतंय तोवर टक्.

"अंकल, कॅनॉट लाह," ते म्हणाले. त्यांनाच वाईट वाटत होतं. "यू गो ओपन."

जावई म्हणाले, "बट आय मेझर्ड इट."

"मेझर विथ व्हॉट?"

 काय सांगणार, बॅगा तोलायच्या काट्याने?

मग ते ओपनमध्ये शूट करायला उभे राहिले. ज्यांच्या पिस्तुलांवर लाल डोळे होते अशा माणसांच्या रांगेत आमचे जावई, हिरवा ठिपका आणि खरखरीत पट्ट्या घेऊन. पण खोटं कशाला बोलू, छान खेळले. फ्रिज, सोफा, देवघर, सगळा सराव पायात होता. मॅगझिन तर असं बदललं की शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुमचा मुलगा का? एक तबकडी तेवढी राहिली. बँकवाल्यांनी दोन चुकवल्या, आणि मॅगझिन बदलताना त्यांनी कमरेकडे असं पाहिलं की जणू किल्ली हरवली आहे.

निकाल लावला तेव्हा जावई ओपनमध्ये खालून दुसरे. आणि त्यांचे गुण जर स्वतःच्या गटात धरले असते, तर बँकवाल्यांच्या वर. हे दोघांनाही कळलं. दोघंही तो कागद गरजेपेक्षा जास्त वेळ बघत उभे राहिले.

परतताना बँकवाल्यांच्या गाडीतून आलो. पुढे ते दोघं, मागे आम्ही.  मी पुऱ्यांचा डबा पुढे केला, कोणी घेईना. शेवटी बँकवाले म्हणाले, "यार, ती जागा तुझीच होती."

"नव्हती," जावई म्हणाले. "वजनात बसलो नाही." मग म्हणाले, "काटाच मेला असणार. याआधी नेहमी दीडशेचा फरक होता, आज अचानक कसा गेला?"

माझी लेक खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "काटा बरोबर आहे."

"कसा बरोबर? दर वेळी एअरपोर्टवर..."

"दर वेळी तू खाली टॅक्सी बघायला जातोस. तेव्हा तुझी आई बॅग उघडून त्यात मेतकुटाचा पुडा सारते."

बँकवाल्यांनी आरशातून मागे पाहिलं.

"दर वेळी?" जावई म्हणाले.

"दर वेळी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्या म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, तो काढायला लावेल."

बँकवाल्यांचे खांदे हलायला लागले. बिचाऱ्यांना हसू फुटत होतं, पण जागा त्यांनाच मिळालेली, मग हसायचं कुठल्या तोंडाने? सिग्नलला गाडी थांबवून त्यांनी उगाच काच पुसली. मी मात्र हसले. माझी कुठली जागा जाणार होती? जावई मागे वळून माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी डब्यातली एक पुरी घेतली.

पुढचे तीन शनिवार ते क्लबात गेले नाहीत. घरात बसले, पंख्याची पाती पुसली, कोणी न सांगता माझ्या औषधांचे खण लावले. बिस्किटं अख्खी मिळायला लागली. एका रविवारी बँकवाले आले. मी साबुदाणा वडे केले होते. दोन वडे झाल्यावर त्यांनी जे मनात घेऊन आले होते ते काढलं.

"बॉस, एक विचारू? थायलंडला जायच्या आधी माझा पण ट्रिगर जरा हलका करून घेऊ का? ती तुझी स्प्रिंग कुठली?"

मी ओट्यापाशी होते. माझ्या मनात आलं, सांगा की हो. चांगली नरमातली नरम सांगा. जाऊ दे त्यांनाही हायवेवर. असं मनात आलं ते आलं. माझ्या जावयाची जागा होती ती.

जावई वडा हातात धरून बसले. मग म्हणाले, "हात लावू नकोस."

"का?"

"आहे तसा राहू दे."

"म्हणजे मी तिथे खालून पहिला यावं, असं?" बँकवाले हसत म्हणाले, पण अर्धंच हसत.

"अरे लावू नकोस म्हणतोय ना."

"मग तू का लावलास?"

लेक आतून म्हणाली, "तो हुशार आहे म्हणून."

जावयांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "चाप ठीक आहे तुझा," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी चाप हा शब्द वापरला, माझ्या लक्षात राहिला. "तुझं मॅगझिन बदलणं भिकार आहे. ऊठ."

आणि चहा व्हायच्या आत बँकवाले आमच्या दिवाणखान्यात बर्म्युडावाल्या पट्ट्यात उभे. जावई सोफ्यावर बसून ओरडतायत, "समोर बघ. कमरेकडे काय आहे? लग्न ठरलंय का कमरेचं?" पुडा मुठीत बसायच्या ऐवजी बँकवाल्यांच्या अंगठ्यावर बसला, बिस्किटं गालिचाभर.

"काकू, हा तुमच्याशी पण असाच बोलतो?"

"माझ्याशी 'अहो आई' म्हणून असाच बोलतो," मी म्हटलं.

थायलंडला जाईपर्यंत दर रविवारी हे चाललं. शेवटच्या शनिवारी जावई त्यांच्याबरोबर क्लबात गेले आणि त्यांचं पिस्तूल न उघडता कुलपातून पेटीत आणि पेटीतून टीमच्या सामानात जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. त्यांना बँकवाल्यांची खात्री नव्हती. माझं विचाराल तर स्वतःची नव्हती.

मॅच संपली त्या दिवशी बँकवाल्यांचा तिकडून फोन आला. जावयांनी तो स्पीकरवर लावला. टीम मधेच कुठेतरी आली होती, ना वर ना खाली. मॅगझिन बदलताना एकदाही खाली पाहिलं नाही म्हणे. तपासणीत चाप इतका आरामात पास झाला की तिथला माणूस म्हणाला, यात अजून हलका करायला बरीच जागा आहे. अभिनंदन वगैरे झालं, फोन ठेवला. जावई खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी वगैरे येणार, मी पदर सावरून बसले.

ते वळले आणि लेकीला म्हणाले, "बरीच म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं." आणि पुन्हा फोन लावला.